त्सुकी की गेत्सु? जपानी युझरनेम घेण्याआधी ऑन आणि कुन यांतला फरक

जपानी शब्दाचं युझरनेम घ्यायचं ठरलं की बहुतेक जण एकच करतात. डिक्शनरीच्या ॲपमध्ये 'चंद्र' शोधतात. चंद्राचं चित्राक्षर, म्हणजे कांजी, सापडते आणि तिच्याखाली उच्चारांची रांग दिसते: त्सुकी, गेत्सु, गात्सु. त्यातला एक उचलायचा, लांडग्याच्या अक्षराखालचा एक उचलायचा, जोडले की झालं 'त्सुकीरो'. गेममध्ये आणि डिस्कॉर्डवर अशी नावं ढिगानं सापडतात. जपानी माणसाला मात्र त्यातून ना चंद्र दिसतो ना लांडगा.

कारण रांगेतले ते उच्चार एकमेकांच्या जागी चालणारे नाहीतच. चिनी लिपी साधारण पाचव्या शतकाच्या सुमारास कोरियामार्गे जपानमध्ये रुजायला लागली, तेव्हा तिथल्या लोकांकडे चंद्रासाठी आपला शब्द होताच: त्सुकी. तो त्यांनी चिनी अक्षराला चिकटवला. हे कुन-योमी, म्हणजे देशी वाचन. अक्षराबरोबर मूळ चिनी उच्चारही आला आणि जपानी जिभेवर वळत वळत 'गेत्सु' झाला. हे ऑन-योमी.

मराठी माणसाला हे समजायला जड नाही. आपण जलाशय म्हणतो, पाणीशय म्हणत नाही. आणि स्वयंपाकघरात कुणी 'जरा जल दे' म्हणालं, तर नाटकाची तालीम चाललीय असं वाटेल. जपानीतही प्यायचं पाणी 'मिझु', पण नळपाणी योजनेच्या 'सुईदो' या जोडशब्दात तेच अक्षर 'सुई' होतं. मोघम नियम असा: शब्द एकटा उभा असेल तर कुन, दोन कांजी जोडून भारदस्त शब्द केला असेल तर ऑन. अपवाद पुष्कळ आहेत, पण युझरनेमपुरतं एवढं पुरतं.

फुजी पर्वताचं घ्या. 'फुजीसान'मधलं 'सान' म्हणजे जपानी लोक डोंगरालाही 'राव' लावतात, असं ठामपणे सांगणारे भेटतात. तसं नाही. ते 'पर्वत' या अक्षराचं ऑन वाचन आहे. त्याच अक्षराचं कुन 'यामा'. दोन्ही वाचनं शेजारी ऐकायची तर पुण्यात सिंहगड रस्त्यावर सोय आहे. तिथलं पुणे-ओकायामा मैत्री उद्यान ओकायामा शहरातल्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलेलं आहे. ओकायामा म्हणजे टेकडी आणि डोंगर, दोन्ही कुन. कोराकुएन म्हणजे 'मागाहून आनंद घेण्याची बाग', तिन्ही अक्षरं ऑन. गावाचं नाव घरगुती, जमीनदारी बागेचं नाव चिनी विद्वत्तेतून आलेलं.

ऑन वाचनातही एकच उच्चार असतो असं नाही, कारण चिनी उच्चार वेगवेगळ्या काळात आणि वेगवेगळ्या प्रांतांतून आले. 'जाणे' या अर्थाचं अक्षर 'शुग्यो' म्हणजे साधनेत 'ग्यो' असतं, 'गिन्को' म्हणजे बँकेत 'को' आणि 'आन्दोन' या कागदी कंदिलात 'आन'. वाहनांच्या कारखान्यात लाइनवर अडचण आली की पेटतो तो 'अँडॉन' दिवा याच कंदिलाच्या नावाचा.

मग युझरनेमसाठी कोणतं घ्यावं? माझं मत स्पष्ट आहे: एका शब्दाचं नाव हवं असेल तर कुनच. ऑन वाचनात वेगवेगळे उच्चार कमी आणि अक्षरं उदंड. सरकारच्या नेहमीच्या वापराच्या यादीतच 2,136 कांजी आहेत आणि दीर्घ 'को' हा उच्चार त्यातल्या कितीतरी अक्षरांना लागू पडतो. कागदावर कांजी दिसते, त्यामुळे घोटाळा होत नाही. युझरनेम असतं रोमन लिपीत. 'सुईसेई' घेतलंत तर तो धूमकेतूही आहे आणि बुध ग्रहही. अक्षरं वेगळी, उच्चार तंतोतंत एक. धूमकेतूचं देशी नाव 'होओकीबोशी', केरसुणीतारा. आपल्या शेंडेनक्षत्राच्या जातकुळीचा शब्द. तो कुणी दुसऱ्या अर्थानं वाचणार नाही.

टोपणनाव ऑनमध्ये घ्यायची जपानी परंपरा मात्र जुनी आहे, आणि 'मोठमोठे कवी तसं करायचे' हा युक्तिवाद तिथूनच येतो. बाशोच्या झोपडीपुढे शिष्यानं केळ लावली, आणि 'बाशो' म्हणजे केळ हेच त्याचं नाव झालं. मासाओका शिकीचं उदाहरण तर या विषयासाठीच घडल्यासारखं आहे. 1889 मध्ये क्षयानं त्याच्या खोकल्यातून रक्त पडलं. होतोतोगिसु नावाचा कोकीळकुळातला पक्षी रक्त ओकेपर्यंत गातो अशी समजूत होती. त्या पक्ष्याचं नाव लिहिण्याच्या अनेक पद्धतींपैकी एक दोन कांजींची होती. तीच त्यानं घेतली आणि ऑननं वाचली: शिकी. पुढे 1897 मध्ये त्याच्या गावी, मात्सुयामाला, निघालेल्या हायकूच्या मासिकाचं नाव 'होतोतोगिसु'. एकच पक्षी, एक नाव ऑनचं, एक देशी.

पण शिकीच्या नावाखाली कांजी होती. नुसतं 'शिकी' कानावर पडलं तर ते चार ऋतू असू शकतं, समारंभ असू शकतं, वाद्यवृंदाचं संचालनही असू शकतं. कवीची सही आणि रोमनमधलं हँडल यांत हा फरक राहणारच.

ऑन हवंच असेल तर जपानीत आधीपासून रुळलेला जोडशब्द घ्यावा, आपण पाडू नये. 'मुगेन' म्हणजे अनंत, 'गेक्को' म्हणजे चांदणं, 'र्यूसेई' म्हणजे उल्का. उल्केलाही देशी जोडीदार आहे: 'नागारेबोशी', वाहता तारा. इच्छा मागायची ती नागारेबोशीकडे. खगोलशास्त्रातल्या उल्कावर्षावाला मात्र र्यूसेईचाच शब्द लागतो. अर्थ एक, पण अंगावरचे कपडे वेगळे. गंभीर, थंड नाव हवं की घरच्या अंगणातलं, हे इथे ठरतं.

कुन शब्द जोडताना एक खोच आहे. दुसऱ्या शब्दाचं पहिलं व्यंजन बऱ्याचदा मऊ होतं. 'आओ' म्हणजे निळं आणि 'सोरा' म्हणजे आकाश, जोडलं की 'आओझोरा'. 'होशी'चं 'बोशी' झालेलं वर पाहिलंच. 'हाना' फूल, 'हि' आग. 'हानाबी' म्हणजे शोभेचं दारूकाम आणि तीच अक्षरं उलटी केली की 'हिबाना', ठिणगी. (माझी शिफारस विचाराल तर हिबाना. लहान आणि चटकन कळणारं.) दुसऱ्या शब्दात आधीच झ, ग, द, ब यांपैकी एखादा आवाज असेल, तर सहसा बदल होत नाही. म्हणून 'कामी' आणि 'काझे' मिळून कामिकाझेच राहतं.

कुन घेतलं म्हणून स्वर सैल सोडून चालत नाही. लांडगा 'ओओकामी', रोमनमध्ये दोन ओ. एक ओ गाळलात तर 'ओकामी', म्हणजे जपानी धर्मशाळावजा सरायीची मालकीण. 'युकी' बर्फ, 'यूकी' धैर्य. देवनागरीत ऱ्हस्व-दीर्घानं भागतं, रोमनमध्ये यू दोनदा लिहावा लागतो. चंद्र आणि लांडगा हवेच असतील तर 'त्सुकी नो ओओकामी', चंद्राचा लांडगा. लांब आहे, पण जपानी आहे.

डिक्शनरीत कुठलं कुठलं हे ओळखणं सोपं आहे. प्रथेनुसार ऑन वाचन काताकाना लिपीत छापतात, म्हणजे टोकदार, सरळ रेघांची अक्षरं. कुन हिरागानात, गोलसर वळणांच्या अक्षरांत. व्यक्तींची नावं हा तिसराच प्रांत आहे. तिथे आईबाप अक्षराला हवं ते वाचन देऊ शकत होते, आणि कुटुंब नोंदवहीत नावाचा उच्चार नोंदवायला सुरुवात झाली ती थेट मे 2025 पासून. त्यामुळे कुणा जपानी माणसाच्या नावात दिसलं म्हणून ते वाचन उचलू नका.

हवं ते नाव आधीच गेलेलं असेल तर लोक शेपटीला आकडे लावतात. आकड्यांनाही ऑन-कुन आहे, आणि तिथे जपानी माणूस सरमिसळ अगदी बिनधास्त करतो. 4649 म्हणजे 'यो-रो-शि-कु', कृपा असू द्या. एकाच संख्येत चार एकदा कुननं 'यो' आणि एकदा ऑननं 'शि'. 39 म्हणजे 'सान-क्यू', थँक्यू. गाडीच्या नंबरात किंवा पिनकोडात 893 असेल तर तो आकडा मात्र नावाला लावू नका. ते 'या-कु-झा', म्हणजे जपानी गुंडटोळी, असं वाचलं जातं.