डेब्सची तुरुंगातली पत्रं आणि ‘माफी’ नावाचा घोळ

यूजीन डेब्स, आधी रेल्वे कामगारांचा आणि मग अमेरिकेतल्या समाजवादी पक्षाचा पुढारी, १९२१ च्या नाताळला अटलांटाच्या जेलमधून सुटला तो माफी मिळून, असं मराठीतच काय इंग्रजीतसुद्धा सर्रास लिहिलेलं सापडतं. माफी नव्हती ती. आणि हा घोळ सोडवायचा तर त्याच्या जाहीर भाषणांपेक्षा पत्रव्यवहार बघावा लागतो, कारण भाषणात माणूस टाळ्यांच्या ओघात काहीही बोलून जातो, पत्रात मात्र तेच तेच परत सांगावं लागतं, कधी भावाला, कधी वकिलाला, कधी पक्षातल्या उतावळ्या लोकांना.

त्याआधीचं थोडक्यात. अमेरिकेतल्या समाजवाद्यांची ‘पत्रं’ म्हणजे सुरुवातीला बहुतेक युरोपातून आलेले सल्लेच. न्यूयॉर्कजवळच्या होबोकेनला राहणारा एक जर्मन संगीतशिक्षक होता, त्याला मार्क्स आणि एंगेल्सनी वर्षानुवर्षं लिहिलेली पत्रं १९०६ मध्ये जर्मनीत पुस्तक म्हणून निघाली आणि त्याच वर्षी तो वारला. म्हणजे जपली गेली ती इकडे आलेली पत्रं. इथल्या पुढाऱ्यांची आपापसातली पत्रं, घरच्यांना लिहिलेली पत्रं, यांना किंमत यायला पुढे बराच काळ जावा लागला.

डेब्सचं वेगळं पडतं ते त्याच्या धाकट्या भावामुळे, थिओडोरमुळे. इंडियानातल्या टेरे होटमध्ये बसून सगळी टपाल हाच बघायचा, मोठा भाऊ वर्षातले कित्येक महिने दौऱ्यावर, त्यामुळे उत्तरं बऱ्याचदा यानेच द्यायची. त्यामुळे ‘डेब्सचं खासगी पत्र’ म्हणताना जरा जपून, त्यातलं कितीतरी दोघा भावांचं मिळून आहे. मला तर कधीकधी वाटतं थिओडोरला श्रेय फारच कमी मिळालंय.

मग पहिलं महायुद्ध आलं आणि टपालाचंच राजकारण झालं. १९१७ चा हेरगिरीविरोधी कायदा आला नि पोस्टखात्याच्या हातात कोलीतच मिळालं. मिलवॉकीच्या समाजवादी दैनिकाची टपालाची सवलत तर काढलीच, पण १९१८ मध्ये त्यांच्या पत्त्यावर येणारी बंद पाकिटंसुद्धा अडवायला लागले. कुणी वर्गणी पाठवली, कुणी साधी चौकशी केली, तर पाकीट परत, वर शिक्का की या कायद्याखाली या पत्त्यावर टपाल पोचवता येत नाही. त्या दैनिकाचा संपादक तेव्हाचा मोठा पुढारी, अमेरिकेच्या काँग्रेसवर, म्हणजे तिथल्या संसदेवर, निवडून गेलेला पहिला समाजवादी, त्याची आणि बायकोची पत्रं १९९५ मध्ये छापली गेली, ती वाचायला छान आहेत पण माझा विषय तो नाही.

डेब्सला ओहायोतल्या कँटनच्या युद्धविरोधी भाषणासाठी (१६ जून १९१८) याच कायद्याखाली दहा वर्षं ठोठावली. एप्रिल १९१९ मध्ये आधी मौंड्सव्हिलचा तुरुंग, जूनमध्ये तिथून अटलांटा, कैदी नंबर ९६५३. आता जेलमधून लिहायचं म्हणजे मोजकीच पत्रं, ठरलेल्या माणसांनाच, आणि आधी अधिकारी वाचणार. १९२० ला तो तिथूनच राष्ट्राध्यक्षपदासाठी उभा राहिला तेव्हा आठवड्याला ५०० शब्दांचं एक निवेदन बाहेर द्यायची मुभा मिळाली, मतं पडली नऊ लाखांवर. लोक मतांचा आकडा सांगतात, ५०० शब्दांचं कुणी सांगत नाही.

आता मुद्द्यावर येतो. इंग्रजीत तीन शब्द आहेत आणि मराठीत आपण तिन्हींना ‘माफी’च म्हणतो. पार्डन म्हणजे गुन्हाच माफ, गेलेले हक्क परत. अ‍ॅम्नेस्टी म्हणजे एका प्रकारच्या सगळ्या कैद्यांना एकदम सरसकट. आणि कम्युटेशन म्हणजे गुन्हा तसाच राहतो, फक्त शिक्षा कमी. डेब्सचं म्हणणं असं की पार्डन मी मागणार नाही, मागितलं की गुन्हा कबूल केल्यासारखं होतं, आणि बाकीचे राजकीय कैदी आत असताना मला एकट्याला खास वागणूक नको. पक्षाने अ‍ॅम्नेस्टीची मोहीम धरली ती यामुळेच. त्यात गंमत म्हणजे ज्या कामगार महासंघाशी त्याचं आयुष्यभर पटलं नाही त्यातलेही लोक त्याच्या सुटकेसाठी खटपट करायला लागले, आणि पक्षातल्यांना तेही खुपलं. आपल्याकडे ‘माफीनामा’ शब्द नुसता काढला तरी काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे, त्यात मी शिरत नाही, पण शब्द एवढा जड का होतो ते त्यामुळे आपल्याला पटकन कळावं.

१९२१ च्या सुरुवातीला खुद्द अ‍ॅटर्नी जनरलने, म्हणजे सरकारच्या कायदा खात्याच्या प्रमुखाने, सुटकेची शिफारस केली होती, राष्ट्राध्यक्ष विल्सनने त्यावर एकच शब्द लिहिला, ‘नामंजूर’. त्यावर डेब्स बोलला की माफीची गरज मला नाही, त्यांनाच आहे. हे पेपरात आलं आणि लगेच त्याची पत्रं आणि भेटी बंद. म्हणजे त्या काळातल्या पत्रांत खंड दिसला तर त्याला लिहावंसं वाटलं नाही असं समजू नये, लिहूच दिलं नव्हतं.

विल्सननंतरचा राष्ट्राध्यक्ष हार्डिंग, त्याने शेवटी डिसेंबरात डेब्सला सोडला, आणखी २३ जणांबरोबर, पण कम्युटेशनवर. दोन वर्षं आठ महिने भोगले तेवढे पुरे, एवढंच. दुसऱ्याच दिवशी व्हाइट हाऊसमध्ये भेटायला बोलावलं, हक्क मात्र परत दिले नाहीत. सरकारने गुन्हा पुसला नाही आणि याने कबूल केला नाही, दोघंही आपापल्या जागी. माझ्या मते यात डेब्सचीच सरशी झाली, कुणाचं मत वेगळं असेल तर असो.

पुढे १९२६ ला तो गेला. गावातल्याच एका विवाहित बाईंशी त्याचं जे जवळचं नातं होतं ते १९८२ च्या एका चरित्रात नीट आलं, आणि मग तेवढ्याचीच चर्चा जास्त झाली. निवडक पत्रांचे तीन खंड १९९० ला निघाले. पहिल्यात १८७४ ते १९१२, म्हणजे ३८ वर्षं. तिसऱ्यात १९१९ ते १९२६, फक्त सात. माझा अंदाज असा की रेल्वे कामगारांच्या पुढाऱ्याचं पत्र लोक वाचून टाकून देत असतील, कैदी नंबर ९६५३ चं पत्र आलं की पेटीत ठेवत असतील.