पोकळ ब्राँझ म्हणजे फसवणूक?

‘अस्सल ब्राँझचा पुतळा आतून भरीव असतो; पोकळ वाजला की समजा धातू चोरला.’ हा समज जुना आहे. वजन म्हणजे किंमत हे सोन्याचांदीत खरंच असल्यामुळे तो पटतोही सहज.

आधी हिशेब पाहू. माणसाच्या आकारमानाची आकृती साधारण ७० लिटर जागा व्यापते. कथिलमिश्रित ब्राँझ पाण्याच्या सुमारे ८.८ पट जड, म्हणजे भरीव पुतळा ६०० किलोंच्या वर जाईल. तीच आकृती ५ मिलिमीटर जाडीची ओतली, तर ९० किलोंच्या आसपास.

पण खरं कारण वजन नाही. वितळलेल्या धातूचा रस थंड होताना आकसतो. जाड भाग बाहेरून आधी गोठतो, आतला नंतर. मग आत पोकळ्या पडतात, पृष्ठभाग खचतो, कधी तडे जातात. ओतकामात आधी मेणाची आकृती करून तिच्यावर साचा चढवतात, मग मेण वितळवून त्या जागी रस ओततात. म्हणून मेणाचा थर सगळीकडे सारख्या जाडीचा ठेवतात, आत मातीचा गाभा भरतात आणि मेण वितळून गेल्यावर गाभा हलू नये यासाठी धातूच्या खिळ्या ठोकतात. लाकडातही हीच युक्ती: मोठ्या ओंडक्याची मूर्ती सुकताना चिरू नये म्हणून मागून कोरून पोकळ करतात.

तळहाताएवढ्या मूर्ती मात्र बऱ्याचदा भरीवच असतात.

तपासायचं असेल तर बैठकीखाली पाहा. गाभा काढल्याचं भोक किंवा जळकी माती दिसते. लहान मूर्ती असल्यास भोक मेणाने बंद करा, काठोकाठ भरलेल्या भांड्यातल्या पाण्यात पूर्ण बुडवा, सांडलेलं पाणी मोजा. ग्रॅममधल्या वजनाला त्या मिलिलिटरांनी भागा. उत्तर ८.८ च्या जवळ आलं तर भरीव, बरंच कमी आलं तर बहुधा पोकळ.