पेपर्सवालं पिल्लू : हा कागद मुळात निघाला कशासाठी

कुत्र्याचं पिल्लू बघायला गेलं की दोन भाव ऐकू येतात, विथ पेपर आणि विदाउट पेपर, पेपर म्हणजे पिल्लाचे आईबाप कोण याच्या नोंदीचा कागद, आणि आपण बहुतेक जण म्हणतो की आम्हाला कुठे डॉग शोला न्यायचंय, घरात पाळायचाय, कागद काय करायचाय. आमच्या घरी अगदी हेच झालं. लॅब्राडोर आणला, पेपर्स मागाहून पाठवतो असं सांगितलं होतं, ते कधीच आले नाहीत, आणि दीड वर्षाचा झाल्यावर तो जिना चढायला कां कूं करायला लागला, मागचे पाय ओढायला लागला तेव्हा डॉक्टरांनी एक्सरे बघून विचारलं की आईबापाच्या खुब्यांची काही माहिती आहे का. आमच्याकडे आईबापाचं नावसुद्धा नव्हतं. खुब्याचा हा आजार लॅब आणि जर्मन शेफर्डमध्ये बराचसा वंशातून येतो हे मला तेव्हा कळलं, आणि मग हा कागद कोणी, कधी, कशाला सुरू केला ते मी वाचत गेले.

वंशावळ आपल्याला काही नवीन नाही. त्र्यंबकेश्वरला जाऊन गाव आणि आडनाव सांगितलं की तीर्थोपाध्याय वही उघडून आपले पणजोबा येऊन गेल्याची नोंद दाखवतात, कोल्हापूर-सांगलीकडे हेळवी येऊन घराण्याच्या पिढ्यान् पिढ्या वाचून दाखवतात. कुत्र्याच्या वंशावळीला पेडिग्री म्हणतात, तो शब्दही माणसांच्या वंशावळीतूनच आलाय, जुन्या फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ क्रौंच पक्ष्याचा पाय, कारण बापापासून मुलांकडे रेघा ओढल्या की तो आकार त्या पक्ष्याच्या पंजाच्या ठशासारखा दिसायचा.

जनावरांची अशी वही छापायची पद्धत मात्र घोड्यांपासून पडली. इंग्लंडमध्ये १७९१ साली वेदरबी यांनी जनरल स्टड बुकची, म्हणजे घोड्यांच्या वंशावळीच्या वहीची, पहिली आवृत्ती काढली आणि त्यामागचं कारण त्यांनी स्वतःच लिहिलं होतं, की घोड्यांच्या खोट्या वंशावळी फार वाढल्यात, त्यांना आळा बसावा. म्हणजे विकणारा वाटेल ते सांगतो ही तक्रार तेव्हाचीच आहे! आजच्या प्रत्येक थरोब्रेड, म्हणजे शर्यतीच्या जातीच्या, घोड्याची बापाकडची ओळ मागे नेत गेलं तर ती बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन आणि गॉडॉल्फिन अरेबियन या तिघांपैकी एकावर जाऊन थांबते, आणि हे आपण इतक्या खात्रीने सांगू शकतो ते वहीमुळेच. मग १८२२ मध्ये शॉर्टहॉर्न गायीबैलांची वही आली. कुत्र्यांचा नंबर त्यानंतर पन्नास वर्षांनी लागला.

२८ जून १८५९ ला न्यूकॅसलमध्ये एक प्रदर्शन भरलं, फक्त पॉइंटर आणि सेटर, म्हणजे शिकारीचे कुत्रे, साठ एक आले होते आणि बक्षीस म्हणून बंदुका होत्या. ते लोकांना इतकं आवडलं की पुढच्या दहा-बारा वर्षांत असे शो सगळीकडे भरायला लागले, रेल्वे होतीच, कुत्रा घेऊन या गावाहून त्या गावाला जाता यायचं. पण जिंकलेल्या कुत्र्याचं नाव काय तर बॉब, आणि पुढच्या शोमध्ये अजून चार बॉब, त्यातला कुठला बॉब जिंकला आणि कुठल्या बॉबची पिल्लं म्हणून समोरचा आपल्याला विकतोय, काही पत्ता लागायचा नाही. या गोंधळातून एप्रिल १८७३ मध्ये सिवॅलिस शर्ली आणि त्यांच्या सोबतच्या बारा जणांनी लंडनमध्ये केनेल क्लब, म्हणजे कुत्र्यांच्या नोंदी ठेवणारी संस्था, काढला आणि पहिलं मोठं काम घेतलं ते कुत्र्यांच्या स्टड बुकचं. १८५९ पासूनच्या शोंचे निकाल जमवून ४०२७ कुत्र्यांची नोंद त्यात झाली.

आणि आता मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट. १८८० मध्ये क्लबने रजिस्ट्रेशन सुरू केलं तेव्हा ते फक्त नावाचं होतं, एक नाव एकाच कुत्र्याला, बस. लोकांनी त्यालाही आधी जोरदार विरोध केला. आईबाप कोण हे त्या नोंदीत नंतर घातलं गेलं, तेही कुत्रा ओळखायला अजून एक खूण असावी म्हणून. म्हणजे हा कागद जन्माला आला तो ओळखपत्र म्हणून. कुत्रा चांगला आहे, निरोगी आहे, स्वभावाने गरीब आहे, यातलं काहीही तो कागद सांगत नव्हता आणि आजही सांगत नाही. तो एवढंच सांगतो की हा अमुक, याचे आईबाप तमुक. पण तेवढं कळलं तरच पुढचे सगळे प्रश्न विचारता येतात, आईचा एक्सरे काढला होता का, बापाची आधीची पिल्लं कशी निघाली, मागच्या वेतातलं एखादं पिल्लू लंगडत होतं का. आमच्याकडे नेमकी ती पहिली पायरीच नव्हती.

ओळखपत्राची प्रतिष्ठा कधी झाली? मला वाटतं वही बंद झाली तेव्हा, म्हणजे आईबाप दोघेही वहीत असतील तरच पिल्लू वहीत असा नियम घट्ट बसला तेव्हा. जर्मन शेफर्डचं उदाहरण घ्या. १८९९ मध्ये माक्स फॉन श्टेफानिट्झ यांनी एका प्रदर्शनात एक कुत्रा बघितला, विकत घेतला, त्याचं नाव होरांड फॉन ग्राफ्राथ ठेवलं आणि वहीत पहिला नंबर त्याला दिला, आणि मग त्याचा आणि त्याच्या पिल्लांचा वापर इतका झाला की आजच्या जर्मन शेफर्डच्या वंशावळी फिरून फिरून त्याच्याकडेच पोचतात. जात पक्की झाली ती अशी, आणि जवळच्या नात्यातले जोड लावल्याने दोषही पक्के झाले ते असेच.

डालमेशियनची गोष्ट तर मला वाचताना फार लागली. त्या जातीत लघवीत युरिक अ‍ॅसिड जास्त जातं, खडे होतात, आणि शुद्ध डालमेशियनमध्ये हा दोष सगळीकडे पसरलाय. १९७३ मध्ये अमेरिकेत रॉबर्ट शेबल या शास्त्रज्ञाने एक पॉइंटर एकदाच मध्ये आणला आणि मग पुढच्या प्रत्येक पिढीत परत डालमेशियनच, पाचव्या पिढीपर्यंत कुत्रे दिसायला पूर्ण डालमेशियन आणि युरिक अ‍ॅसिड नॉर्मल. १९८१ मध्ये अमेरिकन केनेल क्लबने त्यातले दोन नोंदवले, पण ब्रीडर मंडळींनी शुद्धतेवरून आरडाओरडा केला आणि वही पुन्हा बंद, ती उघडायला २०११ उजाडलं. तीस वर्षं उपाय समोर होता आणि कागद आडवा आला. ब्रिटनमध्येही २००८ ला बीबीसीने या जवळच्या नात्यातल्या ब्रीडिंगवर डॉक्युमेंटरी दाखवली, मोठा गहजब झाला, आणि २००९ मध्ये तिथल्या क्लबने बाप-मुलगी, आई-मुलगा, सख्खे बहीणभाऊ अशा जोडीची पिल्लं नोंदवायची बंद केली. हे वाचून पेपर नकोतच असं म्हणणारेही भेटतात, पण मला उलट वाटतं, असे जोड लावलेत हे कळलं तेही वहीतूनच ना.

आपल्याकडे केनेल क्लब ऑफ इंडियाचं ऑफिस चेन्नईला आहे, तिथे पिल्लांची नोंद होते, मायक्रोचिपचा नंबर कागदावर येतो, आणि तो नंबर डॉक्टरकडच्या रीडरने कुत्र्याच्या अंगावर तपासून बघता येतो, हे करायला दोन मिनिटं लागतात पण कोणी करत नाही. २०१७ चे केंद्राचे डॉग ब्रीडिंगचे नियम वेगळे, त्यात ब्रीडरने राज्याच्या बोर्डाकडे नोंदणी करायची, मादी दीड वर्षाच्या आत लावायची नाही, आयुष्यात पाचपेक्षा जास्त वेतं घ्यायची नाहीत आणि आठ आठवड्यांच्या आत पिल्लू विकायचं नाही असं आहे. आणि कृपा करून लसीकरणाच्या पुस्तिकेला पेपर समजू नका, आम्ही तेच समजलो होतो. खऱ्या कागदावर तीन पिढ्या असल्या तर चौदा नावं पाहिजेत, दोन आईबाप, चार आजी-आजोबा, आठ पणजी-पणजोबा. ती निवांत वाचा. एकच नाव दोन्ही बाजूंनी पुन्हा पुन्हा येत असेल तर विचारा का, आणि जागा रिकाम्या असतील तर तेही विचारा.

रिकामी जागा म्हणजे फसवणूकच असं नाही हं. आपल्या सोलापूर-लातूरकडचा कारवान जातीचा शिकारी कुत्रा घ्या, पलीकडे कर्नाटकात मुधोळला तोच मुधोळ हाउंड. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी या कुत्र्यांना नाव मिळवून दिलं, २००५ मध्ये त्यांच्यावर पोस्टाचं तिकीट निघालं, पण शिकारी आणि मेंढपाळ लोकांनी पिढ्यान् पिढ्या हे कुत्रे नजरेने पारखून सांभाळले, छातीची खोली बघायची, पळताना बघायचं आणि कोणाच्या वाड्यावरची कुत्री व्यालीये ते तोंडी माहीत असायचं, कागद कुठून असणार. आज अशा कुत्र्याची पहिली नोंद होते तेव्हा आईबापाच्या चौकटी कोऱ्याच राहतात, आणि त्याच्या पिल्लांच्या कागदावर त्या चौकटीत पहिल्यांदा नाव लिहिलं जातं.