हायड्रोसीडिंग : उष्ण-दमट हवेत नवं लॉन उगवून घेणं

हायड्रोसीडिंग म्हणजे गवताचं बी, पाणी, मल्च म्हणजे ओल धरणारं आच्छादन, खत आणि एक चिकट पदार्थ असं सगळं एका टाकीत घुसळायचं, तयार झालेला लगदा पाइपने जमिनीवर फवारायचा आणि त्यातून लॉन उगवून घ्यायचं. थर वाळला की बी जागच्या जागी धरून राहतं, वरचा लगदा ओल टिकवतो आणि नीट पाणी मिळालं तर दीड-दोन आठवड्यांत बारीक पाती दिसायला लागतात. ही नोंद मुख्यतः अमेरिकेच्या गल्फ किनाऱ्याबद्दल आहे, म्हणजे ह्यूस्टन, लुईझियाना, फ्लोरिडा, कारण तिथे ऊन, दमटपणा आणि कोसळणारा पाऊस हे तिन्ही एकत्र भेटतात आणि तरीही लोक या पद्धतीने घरापुढचं लॉन करतात. तिथलं या कामाचं मुख्य गवत आपल्या ओळखीचं आहे. बर्म्युडा ग्रास म्हणजे आपली हरळी, गणपतीला वाहतो ती दूर्वा, शास्त्रीय नाव सायनोडॉन डॅक्टिलॉन. आपल्याकडे शेतकरी वर्षानुवर्षं जी खणून काढतो तिचंच बी तिकडे पिशवीत विकत मिळतं.

पद्धत मुळात अंगणासाठी निघालेली नाही. १९५० च्या दशकात कनेक्टिकट राज्याच्या हायवे खात्यातल्या मॉरिस मँडेल यांनी रस्त्याकडेच्या उभ्या उतारांवर, जिथे माणूस धड उभा राहू शकत नाही, तिथे बी आणि पाणी एकत्र करून फवारायला सुरुवात केली. पुढे त्यात मल्च आला, चिकट पदार्थ आले, टाक्या लहान होत गेल्या आणि ट्रेलरवर बसणारं मशीन घेऊन कॉन्ट्रॅक्टर घरोघरी जायला लागले.

टाकीत काय असतं

मल्च दोन प्रकारचा मिळतो, लाकडाच्या तंतूंचा आणि रद्दी कागदाचा, किंवा दोन्ही मिसळून. कागदाचा स्वस्त असतो, लहान मशीनमधून सहज जातो, पण कडक उन्हात जाड थर दिला तर तो वाळून पापुद्रा धरतो आणि कोवळा कोंब खालीच अडकतो. लाकडाचे तंतू एकमेकांत गुंतून राहतात, मधे हवा-पाणी खेळतं, त्यामुळे उष्ण भागात दोन पैसे जास्त देऊन लाकडाचाच घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे. सपाट जागेला एकरी साधारण ९०० किलो, म्हणजे १००० चौरस फुटाला २० किलोच्या आसपास मल्च लागतो, उताराला दीडपट किंवा त्याहून जास्त. कोटेशन घेताना हा आकडा विचारायचाच, कारण पाणी जास्त आणि मल्च कमी असा पातळ फवारा मारून जागा हिरवी रंगवता येते आणि ते त्या दिवशी कुणाच्या लक्षात येत नाही.

तो हिरवा रंग म्हणजे नुसता रंग असतो, कुठे फवारलं आणि कुठे राहिलं ते फवारणाऱ्याला दिसावं म्हणून टाकलेला, काही दिवसांत उन्हाने उडतो. घरमालक घाबरतात की गवत मेलं, पण तेव्हा गवत उगवलेलंच नसतं.

चिकट पदार्थाला या धंद्यात टॅकिफायर म्हणतात आणि त्यात दोन वस्तू थेट आपल्या भागातल्या आहेत. एक गवार गम, ज्याच्या गवारीचं सगळ्यात मोठं पीक राजस्थानात निघतं, आणि दुसरा इसबगोल, जो मुख्यतः गुजरात-राजस्थानात पिकतो. पोटासाठी आपण जो इसबगोल घेतो त्याचाच पाण्यात फुगून बुळबुळीत होण्याचा गुण इथे बी मातीला चिकटवायला कामाला येतो.

बी आणि खत एकाच टाकीत असल्यामुळे वेळेचं भान ठेवावं लागतं. खताच्या क्षारात बी फार वेळ राहिलं तर त्याची उगवण बिघडते, शिवाय फिरत्या पंख्यांचा मारही बसतो, म्हणून बी शेवटी टाकायचं आणि तासाभरात टाकी रिकामी करायची. सकाळी भरलेली टाकी दुपारी तिसऱ्या साइटवर वापरणारा कॉन्ट्रॅक्टर असेल तर त्याला नाही म्हणावं.

कोणतं गवत चालतं, कोणतं नाही

इथेच सगळ्यात जास्त गोंधळ होतो. ह्यूस्टनच्या अर्ध्या गल्ल्यांत दिसणारं रुंद पात्याचं सेंट ऑगस्टीन गवत हायड्रोसीडिंगने करता येत नाही, कारण त्याचं बी बाजारात मिळत नाही म्हटलं तरी चालेल, ते तयार गवताचं कार्पेट अंथरून किंवा तुकडे लावूनच वाढवतात. मोठ्या झाडांची सावली असेल तर मग हायड्रोसीडिंगचा हट्टच सोडावा, कारण हरळीला रोज सहा-आठ तास थेट ऊन लागतं आणि सावलीत ती विरळ होत होत जाते. झॉयशिया आणि सेंटीपीड यांचं बी मिळतं पण ती सावकाश उगवतात, दोन ते चार आठवडे, आणि तेवढ्या वेळात दमट हवेत तण पुढे निघून जातं.

हरळीचं बी सालासकट आणि साल काढलेलं अशा दोन रूपांत येतं. उन्हाळ्यात साल काढलेलं घ्यायचं, ते सात ते चौदा दिवसांत उगवतं. १००० चौरस फुटाला अर्धा ते एक किलो पुरतं, बी इतकं बारीक असतं की एका किलोत चाळीस लाखांच्या वर दाणे भरतात. पण पिशवीवर कोटेड लिहिलं असेल तर वजनाचा मोठा भाग, कधीकधी निम्मा, नुसत्या लेपाचा असतो, म्हणून शुद्धता आणि उगवण यांची टक्केवारी वाचून खरं जिवंत बी किती ते काढायचं आणि त्यावर हिशोब करायचा.

गोल्फ कोर्सवरची टिफवे ४१९ सारखी संकरित हरळी, जी जॉर्जियातल्या टिफ्टन इथे तयार होऊन १९६० मध्ये बाहेर आली, तिला बी धरतच नाही. तिच्यासाठी हायड्रोस्प्रिगिंग करतात, म्हणजे बियाऐवजी खोडाचे बारीक तुकडे लगद्यात घालून फवारतात. आपल्या उद्यानविद्येच्या अभ्यासक्रमात टर्फ प्लास्टरिंग म्हणून जी पद्धत शिकवतात, हरळीचे तुकडे माती, शेण आणि पाण्यात कालवून त्याचा थर जमिनीवर पसरायचा, ती हीच कल्पना आहे, फक्त मशीनशिवाय.

हायवेच्या कामात हरळीबरोबर लवकर उगवणारं एखादं पीक टाकतात. टेक्सासच्या रस्ते खात्याच्या स्पेसिफिकेशनमध्ये उन्हाळी तात्पुरत्या पेरणीला चक्क राळा आहे, आपण भात करून खायचो तोच. घरच्या लॉनला मात्र राळा नको, तो उंच वाढून हरळीवर सावली धरतो.

जमीन आणि वेळ

गल्फ किनाऱ्यावर एप्रिलच्या शेवटापासून ऑगस्टपर्यंतचा काळ धरतात. मातीचं तापमान २० अंशांच्या वर स्थिरावल्याशिवाय हरळी जोमाने उगवत नाही, आणि ऑगस्टनंतर फवारलं तर थंडीआधी मुळं खोल जायला वेळ मिळत नाही. उष्णता या गवताची शत्रू नाही हे लक्षात घ्यावं, ३५ अंशात ते आनंदाने वाढतं, फक्त ओल हवी.

ह्यूस्टन भागात जड चिकण माती आहे, तिला तिथे गम्बो म्हणतात, ओली झाली की पायाला किलोकिलोने चिकटते आणि वाळली की भेगा पडतात, विदर्भ-मराठवाड्यातल्या काळ्या रानाचा अनुभव असलेल्याला काही वेगळं सांगायला नको. नव्या कॉलनीत तर बिल्डरने वरची चांगली माती खरवडून नेलेली असते आणि उरलेल्यावर जड मशिनरी फिरलेली असते. त्यावर तसंच फवारलं तर पहिले तीन आठवडे सगळं छान दिसतं आणि मग मुळांना खाली जायला जागाच नाही म्हणून गवत पिवळं पडतं. चार-सहा इंच माती मोकळी करायची, वाफसा असतानाच, ओल्या मातीत टिलर घातला तर विटेसारखी ढेकळं होतात. कंपोस्ट मिसळायचं, उतार घरापासून बाहेरच्या बाजूला ठेवायचा, पण माती दळून पीठ करायची नाही, थोडा खडबडीतपणा असला की बी खाचांत बसतं.

तणाचा निकाल आधीच लावावा लागतो. लव्हाळा, म्हणजे आपल्याकडचा नागरमोथा, आणि गल्फवरची इतर उन्हाळी तणं पाणी मिळताच उसळतात आणि उगवणीआधीची तणनाशकं नंतर वापरता येत नाहीत, कारण ती हरळीच्या बियालाही थांबवतात. म्हणून जमीन तयार करून आठ-दहा दिवस मुद्दाम पाणी द्यायचं, तण उगवू द्यायचं, ते मारायचं, वेळ असेल तर परत एकदा तेच, आणि मगच फवारणी. हे दोन-तीन आठवडे लोकांना वाया गेल्यासारखे वाटतात पण पुढे वर्षभराची खुरपणी वाचते.

फवारताना दोन दिशांनी फवारायचं. एकाच बाजूने मारलं तर प्रत्येक ढेकळाची मागची बाजू कोरडी राहते आणि उगवल्यावर लॉनला टक्कल दिसतं.

पाणी

बहुतेक लॉन इथेच बिघडतात आणि त्याचं कारण एक साधा गैरसमज आहे, हवा दमट आहे म्हणजे माती ओली राहणार. असं होत नाही. घामाने अंग चिकचिकत असतं तेव्हाही भर उन्हात मातीचा वरचा अर्धा सेंटिमीटर दोन-तीन तासांत सुकतो आणि हरळीचं बी नेमकं त्याच थरात असतं. मोड यायच्या आधी बी वाळलं तर ते थांबून राहू शकतं, पण मोड आल्यावर वाळलं तर संपलं, त्याला दुसरी संधी नाही. त्यामुळे पहिले दहा-चौदा दिवस दिवसातून तीन-चार वेळा पाच-दहा मिनिटं हलकं पाणी, सकाळी, अकराच्या सुमारास, एक-दीडला आणि शेवटचं चारच्या आत. डबकं साचलं नाही पाहिजे, थर गडद आणि ओलसर दिसला पाहिजे. नळाची धार किंवा मोठ्या थेंबांचा स्प्रिंकलर नको, फवारा बारीक हवा.

संध्याकाळी पाणी का नाही, तर रात्रीचं तापमान २० च्या वर आणि पाती रात्रभर ओली, अशा स्थितीत पिथियमसारख्या बुरशीने रोपं बुडाशी सडून आडवी होतात. भाजीपाल्याच्या रोपवाटिकेत ज्याला रोप कोलमडणं म्हणतात तेच. बी दाट टाकलं, नायट्रोजन जास्त दिलं की हा रोग आणखी पसरतो, म्हणून दुप्पट बी टाकून लॉन लवकर भरेल या हिशोबात जाऊ नये.

बहुतेक बी उगवलं की पाण्याच्या वेळा कमी करायच्या आणि प्रत्येक वेळचं पाणी वाढवायचं, चौथ्या आठवड्यापर्यंत एक-दोन दिवसाआड, पुढे आठवड्याला पावसासकट साधारण एक इंच. चिकण मातीत पाणी न मुरता वरूनच वाहून जातं, तिथे दहा मिनिटं देऊन अर्धा तास थांबायचं आणि परत द्यायचं. उन्हाळ्यात काही शहरांत बागेच्या पाण्यावर वार ठरवून निर्बंध असतात, नव्या लॉनसाठी वेगळी परवानगी मागावी लागते, ती आधी काढून ठेवावी.

आणि पाऊस. जूनपासून नोव्हेंबरपर्यंत हरिकेनचा मोसम, त्यात दुपारची वादळं. फवारल्यावर थर नीट वाळायला जवळजवळ एक दिवस मिळायला हवा, त्याआधी मोठी सर आली तर मल्च गटारात आणि बी सगळं खोलगट जागी गोळा होतं. उतारावर म्हणून तंतू आणि चिकट पदार्थ जास्त असलेला जाड थर देतात किंवा वरून काथ्याची जाळी अंथरतात. थोडं वाहून गेलं तर सगळं परत करायची गरज नसते, मोकळे पॅच हाताने पेरले तरी हरळी बाजूने धावून जागा भरते.

पुढची देखभाल

गवत दोन-अडीच इंचांचं झालं की, साधारण तीन-चार आठवड्यांनी, पहिली कापणी करायची, जमीन कोरडी असताना आणि पातं धारदार लावून, नाहीतर रोपं उपटून येतात. एका वेळी एक तृतीयांशच्या वर कापायचं नाही. कापलं की हरळी उभी वाढायचं सोडून आडवी पसरते, त्यामुळे कापणी लांबवणं चुकीचं. महिन्याने १००० चौरस फुटाला पाव किलो नायट्रोजन, लक्षात ठेवा नायट्रोजन, म्हणजे साधारण अर्धा किलो युरिया, आणि लगेच पाणी. फ्लोरिडातल्या काही कौंटींमध्ये १ जून ते ३० सप्टेंबर नायट्रोजन आणि फॉस्फरस घालायला बंदी असते, तिथे आधी स्थानिक नियम वाचावा.

उन्हाळा संपत येताना लष्करी अळी येते. २०१८ पासून आपल्या मक्यावर जी पडली तीच, स्पोडोप्टेरा फ्रुजिपर्डा, तिचं मूळ घर अमेरिका खंडच, आणि पाऊस पडून गेल्यावर कोवळ्या लुसलुशीत नव्या हरळीवर ती तुटून पडते. लॉनवर पक्षी अचानक जमायला लागले तर शंका घ्यावी, बादलीभर पाण्यात थोडा भांड्यांचा साबण घालून हातभर जागेवर ओतावं, अळ्या असतील तर काही मिनिटांत वर येतात. लहान असतानाच औषध लागू पडतं, मोठ्या झाल्यावर दोन दिवसांत पाती साफ करतात. जुनं लॉन यातून सावरतं कारण मुळं खोल असतात, महिन्याभराच्या लॉनला ते जमत नाही.

कोकण आणि गोवा

आपल्याकडे घरगुती लॉनसाठी अजून नर्सरीतला कार्पेट किंवा हाताने टोचून केलेली लागवड हीच रीत आहे, मजूर मिळतात आणि जागा लहान असते म्हणून ते परवडतंही. पण रिसॉर्ट, शाळेचं मैदान, मोठा बंगला असेल तर हायड्रोसीडिंगचा विचार करण्यासारखा आहे, फक्त गल्फचं वेळापत्रक इथे उलटं करावं लागेल. जून-जुलैच्या कोकणी पावसात कुठलाच टॅकिफायर टिकणार नाही. जोर ओसरल्यावर, सप्टेंबरच्या शेवटी ते ऑक्टोबरमध्ये करावं, माती गरम असते, विहिरींना पाणी असतं आणि किनारपट्टीला कडाक्याची थंडी नसल्यामुळे हरळी पुढेही वाढत राहते. जांभ्यावर मातीचा थर पातळ असतो, तिथे निदान चार-सहा इंच चांगली माती आणून टाकल्याशिवाय फवारणीला पैसे घालू नयेत. घाटातल्या आणि रस्त्याच्या कापलेल्या दरडींवर ही पद्धत वरची माती धुपण्यापासून वाचवते, पण हरळीची मुळं वरवरची असल्याने दरड कोसळणं ती थांबवत नाही, त्यासाठी पाण्याचा निचरा, जाळ्या, संरक्षक भिंती आणि झाडोऱ्यात वाळ्यासारखं खोल मुळांचं गवत लागतं, ज्याची मुळं तीन मीटरपर्यंतही जातात.