प्रतिकृतीवरून जहाजाचा अंदाज : पार्श्वभूमी

जहाजाची लहान प्रतिकृती पाण्यातून ओढून तिला होणारा विरोध मोजावा, ही कल्पना जुनी आहे; फ्रान्समध्ये १७७५ मध्येच असे पद्धतशीर प्रयोग झाले होते. अडचण मोजण्यात नव्हती, गुणाकारात होती. प्रतिकृतीवरचा आकडा कितीने वाढवला म्हणजे तो जहाजाला लागू पडेल, हे खात्रीने सांगता येत नसल्यामुळे जॉन स्कॉट रसेल यांच्यासारखे नामांकित जहाजबांधणीतज्ज्ञही असल्या प्रयोगांची थट्टा करीत.

हा पेच इंग्लंडमध्ये विल्यम फ्रूड यांनी सोडवला. १८६७ मध्ये डार्ट नदीत ‘स्वान’ आणि ‘रेव्हन’ या दोन वेगळ्या घडणींच्या ३, ६ आणि १२ फुटी प्रतिकृती ओढून पाहताना, वेग लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात ठेवला की लहानमोठ्या प्रतिकृतींभोवती लाटांची सारखीच रचना उठते, हे त्यांनी हेरले. म्हणजे १०० मीटर लांबीचे जहाज सेकंदाला १० मीटर जाणार असेल, तर त्याची ४ मीटरची प्रतिकृती सेकंदाला २ मीटर वेगाने ओढायची आणि लाटांमुळे होणारा विरोध २५ च्या घनाने, म्हणजे १५,६२५ पटींनी वाढवायचा. घर्षणाला मात्र हा हिशेब चालत नाही. त्यातही साम्य साधायचे, तर तीच प्रतिकृती सेकंदाला २५० मीटर वेगाने ओढावी लागेल! दोन्ही अटी एकदम पाळता येत नाहीत, हे मान्य करून घर्षण वेगळे काढणे, हेच माझ्या मते फ्रूड यांचे खरे श्रेय. कारण वेगाचा नियम फ्रान्समध्ये रीच यांनी आधीच मांडला होता.

नौदलाच्या २,००० पौंडांतून टॉर्की येथे २७८ फूट लांबीचा हौद उभा राहिला आणि १८७२ मध्ये तेथे काम सुरू झाले. प्रतिकृती पॅराफिन मेणाच्या असत, कारण मेण हवे तसे तासता येते आणि वितळवून पुन्हा वापरता येते. घर्षणासाठी फ्रूड यांनी वार्निश, कापड, वाळू अशी निरनिराळी आवरणे दिलेल्या ५० फुटांपर्यंतच्या फळ्या ओढल्या. ‘ग्रेहाउंड’ हे खरे जहाज दुसऱ्या जहाजाने ओढून घेतलेली मोजमापे प्रतिकृतीवरून काढलेल्या अंदाजाशी बरीचशी जुळली, तेव्हा विरोधकांचा सूर खाली आला.

पुढे १८८३ मध्ये स्कॉटलंडमधील डम्बार्टनला डेनी या जहाजबांधणी कंपनीने स्वतःचा हौद बांधला. घर्षणाचे सूत्र मात्र बदलत गेले. आज प्रचलित असलेले १९५७ मध्ये ठरले. प्रतिकृती फार लहान असली, तर तिच्या अंगालगतचा प्रवाह जहाजाभोवती असतो तसा खळबळीचा न राहता संथ राहतो आणि घर्षण फसवे कमी भरते, म्हणून तिच्या नाळेजवळ, म्हणजे पुढच्या टोकाजवळ, वाळूची पट्टी किंवा बारीक खुंट्या बसवून तो प्रवाह मुद्दाम ढवळला जातो.