अंडरव्होल्टिंग

संगणकाच्या प्रोसेसरची घड्याळ-वारंवारता (क्लॉक) तशीच ठेवून त्याला उत्पादकाने ठरवलेल्यापेक्षा कमी विद्युत दाब (व्होल्टेज) देण्याची पद्धत. वारंवारता व दाब दोन्ही एकदम उतरवणे ही निराळी गोष्ट. जुन्या लेखनात या दोहोंची सरमिसळ आढळते.

सीमॉस (आजच्या बहुतेक चिप ज्या तंत्राने बनतात त्या) मंडलातील गतिक शक्तिव्यय, म्हणजे ट्रान्झिस्टर चालू-बंद होताना खर्च होणारी शक्ती, हा दाबाचा वर्ग व वारंवारता यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात बदलतो. त्यामुळे दाब १.१० व्होल्टवरून १.०० व्होल्टवर आणल्यास त्याच वारंवारतेला हा व्यय सु. १७ टक्क्यांनी घटतो. एवढी जागा मुळात सापडते, कारण प्रत्येक चिप सारखी निघत नाही आणि उत्पादक झीज, उष्णता व भार अचानक वाढताना होणारी दाबघट धरून थोडा दाब राखीव ठेवतो.

कार्यक्षमतेवरील परिणाम अप्रत्यक्ष आहे. कमी दाबाने ट्रान्झिस्टर वेगवान होत नाहीत, उलट मंदावतात. लाभ होतो तो वॅट किंवा तापमानाच्या मर्यादेत अडकलेल्या प्रोसेसरला: वाचलेली शक्ती तो वारंवारता टिकवण्यात खर्च करतो. म्हणून पातळ लॅपटॉपवर दीर्घ भाराखाली फरक ठळक दिसतो. उत्तम थंडावा असलेल्या डेस्कटॉपवर एका धाग्याचे (एकाच कोअरवर चालणारे) काम चालू असता जवळजवळ दिसत नाही. सिनेबेंच या वेगचाचणीची एकच फेरी पुरेशी नाही. सुरुवातीच्या अल्पकालीन वॅटमर्यादेत खरी स्थिती झाकली जाते.

उगमाबाबत एकमत नाही. काही जण ही कल्पना १९९० च्या दशकातील अल्पशक्ती मंडलसंशोधनापर्यंत नेतात, तर काही इंटेलच्या स्पीडस्टेप या वीजबचतीच्या तंत्रापर्यंत (२०००). परंतु स्पीडस्टेपमध्ये ६५० मेगाहर्ट्‌झचा मोबाइल पेंटियम ३ बॅटरीवर ५०० मेगाहर्ट्‌झला उतरे व दाब १.६ वरून १.३५ व्होल्ट होई. म्हणजे वेग सोडावाच लागे. वेग राखून दाब घटवण्याचा प्रघात पेंटियम एम (२००३) असलेल्या लॅपटॉपांवर, आरएमक्लॉकसारख्या साधनांमुळे रुळला, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

पुढील इंटेल प्रोसेसरांत हे काम षोडशमान पद्धतीतील १५० क्रमांकाच्या रजिस्टरमार्फत (प्रोसेसरमधील नियंत्रणाच्या लहान नोंदकप्प्यामार्फत) होऊ लागले. थ्रॉटलस्टॉप हे साधन त्यातच लिहिते. एकक १/१०२४ व्होल्ट असल्याने −१०० मिलिव्होल्ट म्हणजे −१०२ एकके. अनेक पिढ्यांत कोअर (गणन करणारा भाग) व कॅशे (त्याची जलद स्मृती) यांना एकाच वाहिनीतून दाब मिळतो. एकाचाच आकडा घटवला तर प्रत्यक्षात काही बदलत नाही. डिसेंबर २०१९ मध्ये बर्मिंगहॅम, ग्राट्‌झ व लूव्हेन येथील संशोधकांनी ‘प्लंडरव्होल्ट’ हल्ला जाहीर केला: याच रजिस्टरने दाब नेमका घसरवून एसजीएक्स या सुरक्षित कप्प्यातील गणिते चुकवता येतात व त्यांतून कूटलेखनाची गुप्त किल्ली काढता येते. त्यावरील मायक्रोकोड (प्रोसेसरची अंतर्गत आज्ञावली) व बायोस (यंत्र सुरू करणारी मूळ आज्ञावली) यांच्या अद्यतनांनंतर पुष्कळ लॅपटॉपांवर ही सोय कुलूपबंद झाली.

एएमडीच्या रायझन ५००० मालिकेपासून (२०२०) प्रत्येक वारंवारतेला लागणारा दाब पायऱ्यांनी खाली आणणारी कर्व्ह ऑप्टिमायझर ही सोय आहे; त्याची एक पायरी सु. ३ ते ५ मिलिव्होल्टची, तळ सहसा −३०. येथे एक फसगत होते. दाब अपुरा पडला की प्रोसेसर घड्याळाचे ठोके लांबवतो. दर्शवलेली वारंवारता चढी, चाचणीतील गुण मात्र उतरलेले. एचडब्ल्यूइन्फो या देखरेख-साधनातील ‘इफेक्टिव्ह क्लॉक’ (प्रत्यक्ष वारंवारता) पाहिल्यास हे उघड होते. इंटेलच्या १२ व्या पिढीपासूनचे सीईपी हे संरक्षणही असाच वेग कापते.

व्यवहारात −५० मिलिव्होल्टपासून सुरुवात करून १० च्या टप्प्याने उतरावे. केवळ प्राइम९५ ही पूर्ण भाराची चाचणी पुरत नाही: पूर्ण भारात टिकलेले यंत्र रिकामे असताना बंद पडू शकते, कारण तेव्हा दाब मुळातच तळाशी असतो. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमधील डब्ल्यूएचईए-लॉगरची (हार्डवेअरच्या चुका टिपणाऱ्या घटकाची) १९ क्रमांकाची नोंद ही दुरुस्त झालेली चूक, १८ ही घातक. १९ दिसू लागताच १० ते २० मिलिव्होल्ट परत द्यावेत. चाचणी पुरी होण्याआधी आकडा विंडोजबरोबर आपोआप लागू करू नये, अन्यथा यंत्र सुरू होता होताच कोसळत राहते. बायोसमध्ये टाकलेला आकडा मदरबोर्डवरील सीमॉस (बायोसच्या मांडणीची स्मृती) पुसल्यावर निघून जातो. कमी दाबाने चिप जळत नाही. लिहिल्या जात असलेल्या फाइली मात्र बिघडू शकतात.

अ‍ॅपलच्या एम मालिकेच्या प्रोसेसरांत वापरकर्त्याला असे नियंत्रण दिलेले नाही.