राज्यसभेचा कामकाजाचा दिवस

राज्यसभा म्हणजे आपल्या संसदेचं वरिष्ठ सभागृह आणि तिथला "दिवस" म्हणजे सकाळी ११ ला सभापती खुर्चीत बसतात तिथपासून बैठक तहकूब झाल्याचं खुर्चीवरून सांगितलं जातं तिथपर्यंतचा वेळ. कॅलेंडरचा दिवस वेगळा, हा वेगळा. ३ एप्रिल २०२५ ची बैठक ४ तारखेला पहाटे ४ वाजून २ मिनिटांनी संपली तरी ती ३ तारखेचीच बैठक. कागदावर टायमिंग साधं आहे, ११ ते ६ आणि मध्ये १ ते २ जेवणाची सुट्टी, पण या सभागृहातली मोठमोठी भांडणं बघितली तर निम्मी या घड्याळावरूनच झालेली दिसतात. विषय लोकपालचा असो की शेतीचा, शेवटी गाडी येऊन थांबते ती "बैठक वाढवायची की नाही" यावर.

सभापती म्हणजे देशाचे उपराष्ट्रपती, पदसिद्ध. (लोकसभेत अध्यक्ष असतात, राज्यसभेत सभापती, बातम्यांमध्ये हे बऱ्याचदा उलटसुलट होतं.) सप्टेंबर २०२५ मध्ये या खुर्चीवर सी. पी. राधाकृष्णन आले, ते त्याआधी महाराष्ट्राचे राज्यपाल होते. सभापती दिवसभर बसत नाहीत, मग उपसभापती येतात, तेही नसले की तालिकेवरचा, म्हणजे खुर्ची सांभाळायला सभापतींनी नेमून ठेवलेल्या यादीतला, एखादा सदस्य. महाराष्ट्रातून निवडून गेलेल्या नजमा हेपतुल्ला यांनी तर उपसभापती म्हणून १९८५-८६ आणि मग १९८८ ते २००४ एवढा काळ हे सभागृह चालवलं. एकूण जागा २४५, त्यातल्या २३३ निवडून येणाऱ्या आणि १२ राष्ट्रपतींनी नेमलेल्या. महाराष्ट्राच्या १९, गोव्याची १. कोरम, म्हणजे बैठक चालायला लागणारी किमान हजेरी, एक दशांश म्हणजे २५ जण. दुपारी उशिरा टीव्ही लावलात तर रिकामी बाकं बघून हे २५ तरी आहेत का असा प्रश्न पडतो, पण कोणी उठून मोजायला सांगत नाही तोवर कामकाज आपलं चालू राहतं.

सकाळची सुरुवात एकदम सरकारी. कोणी माजी सदस्य वारले असतील तर आधी श्रद्धांजली आणि मौन, मग मंत्री एकेक करून उठतात आणि "माझ्या नावासमोर नोंदवलेली कागदपत्रं पटलावर ठेवतो" म्हणून बसतात. पाच-दहा मिनिटांत अहवाल, अधिसूचना, समित्यांची निवेदनं असं बरंच काही "ठेवलं" जातं, बघणाऱ्याला हा नुसता उपचार वाटतो, पण मंत्रालयाने काय केलं किंवा करायचं टाळलं हे नंतर शोधायचं झालं तर ते याच गठ्ठ्यात सापडतं. लोकसभेने एखादं विधेयक मंजूर करून पाठवलं असेल तर तो निरोप महासचिव वाचून दाखवतात.

मग शून्य प्रहर, म्हणजे सदस्यांनी तातडीचे विषय मांडायचा वेळ. नावाप्रमाणे हा आधी दुपारी १२ ला असायचा, प्रश्नोत्तरं संपली की लगेच, पण प्रश्नोत्तराचा तास गोंधळात रोज वाहून जायला लागला म्हणून हमीद अन्सारी सभापती असताना नोव्हेंबर २०१४ पासून दोघांची अदलाबदल केली, आता शून्य प्रहर ११ ला आणि प्रश्न १२ ला. हेतू असा की आरडाओरडा व्हायचा तो सकाळी होऊन जावा आणि १२ वाजेपर्यंत डोकी शांत व्हावीत. झालं काय, तर कधीकधी ११ लाच सभागृह १२ पर्यंत तहकूब आणि १२ ला परत २ पर्यंत, म्हणजे दोन्ही तास गेले. शून्य प्रहरात एका सदस्याला ३ मिनिटं मिळतात, ३ मिनिटं झाली की माईक आपोआप बंद. आपल्या भागातला रखडलेला रेल्वे पूल, पिकविमा, एखाद्या आजाराचं महाग औषध, असे विषय इथेच येतात आणि खरं सांगायचं तर दिवसातला सगळ्यात ऐकण्यासारखा वेळ हाच.

याच सुमाराला नियम २६७ च्या नोटिसांचा विषय निघतो. ठरलेलं सगळं काम बाजूला ठेवा आणि या एका विषयावर आत्ता बोला, अशी मागणी या नियमाखाली करता येते. परवानगी सभापतींच्या हातात आणि ती बहुतेक वेळा मिळत नाही. नोव्हेंबर २०१६ मध्ये नोटबंदीवर मात्र याच नियमाखाली चर्चा सुरू झाली होती. नोटीस नाकारली की घोषणा, मग वेलमध्ये (खुर्चीसमोरच्या मोकळ्या जागेत) उतरणं, मग सभात्याग किंवा तहकुबी. टीव्हीवर रात्री दिसतो तो हाच तुकडा.

गोंधळात कोणाचा नंबर जाईल सांगता येत नाही. २०१२ मध्ये नेमलेला सचिन तेंडुलकर २१ डिसेंबर २०१७ ला खेळण्याच्या हक्कावर बोलायला उभा राहिला, समोर दुसऱ्याच विषयावरून घोषणा चालू होत्या, बिचारा काही मिनिटं नुसता उभा, आणि शेवटी सभागृह तहकूब झालं. दुसऱ्या दिवशी त्याने ते भाषण व्हिडिओ करून फेसबुकवर टाकलं.

१२ ते १ प्रश्नोत्तरं. रोज १५ तारांकित प्रश्न, म्हणजे मंत्र्याने उभं राहून तोंडी उत्तर द्यायचे, आणि १६० अतारांकित ज्यांना फक्त लेखी उत्तर मिळतं. नोटीस १५ दिवस आधी द्यावी लागते, त्यामुळे मूळ प्रश्नाचं उत्तर अधिकाऱ्यांनी घासूनपुसून तयार केलेलं असतं आणि खरी मजा उपप्रश्नात येते, तिथे मंत्र्याला विषय माहितीये की नाही ते लगेच कळतं. १५ च्या १५ तोंडी घेऊन झाले असं क्वचितच होतं. सप्टेंबर २०२० च्या कोविडमधल्या अधिवेशनात हा तासच रद्द केला होता.

२ नंतर कायदे. मंत्री विधेयक "विचारात घ्यावं" असा प्रस्ताव मांडतात, पक्षांना संख्याबळाप्रमाणे मिनिटं वाटून दिलेली असतात, लहान पक्षाच्या माणसाला ३-४ मिनिटांत देश वाचवायचा असतो, मग मंत्र्यांचं उत्तर, मग कलमवार मंजुरी आणि दुरुस्त्या. मतदान आधी आवाजी, होकारवाले जास्त ओरडले की "मंजूर", पण एखाद्या सदस्याने मतविभागणी मागितली तर बेल वाजते, लॉबी रिकामी करून दारं बंद होतात आणि मग बटणं दाबून मतं मोजतात. धन विधेयकाला (फक्त कर, सरकारी खर्च अशा पैशाच्या विषयांचं विधेयक) राज्यसभा अडवू शकत नाही, १४ दिवसांत शिफारशी करून परत पाठवायचं, बस्स. बाकी साध्या विधेयकावर दोन्ही सभागृहांचं जुळलंच नाही तर संयुक्त बैठक, जी १९६१, १९७८ आणि २००२ अशी तीनदाच कायदा करायला भरली. शुक्रवारी दुपारचे अडीच तास खासगी सदस्यांच्या, म्हणजे मंत्री नसलेल्या खासदारांच्या, कामाला असतात. तिथून कायदा होणं म्हणजे लॉटरीच, १९७० नंतर असा एकही झाला नाही, पण २४ एप्रिल २०१५ ला तिरुची सिवा यांचं तृतीयपंथीयांच्या हक्कांचं विधेयक राज्यसभेने मंजूर केलं. लोकसभेत मात्र ते पुढे गेलं नाही.

आता घड्याळाची भांडणं. २९ डिसेंबर २०११, लोकपाल विधेयक. अधिवेशन त्या दिवसापर्यंतच वाढवलेलं, दुरुस्त्या १८७, चर्चा चालता चालता रात्रीचे साडेअकरा वाजले, एका सदस्याने विधेयकाची प्रत फाडली, गोंधळ झाला आणि मध्यरात्रीला अन्सारींनी सभागृह बेमुदत तहकूब केलं. मतदान नाहीच. अण्णा हजारेंचं मुंबईतलं उपोषण आदल्याच दिवशी सुटलं होतं. ते विधेयक बदल होऊन राज्यसभेत पास व्हायला १७ डिसेंबर २०१३ उजाडला, तेव्हा अण्णा राळेगणसिद्धीत पुन्हा उपोषणाला बसलेले.

२० सप्टेंबर २०२० ला शेती विधेयकं. कोविडमुळे राज्यसभा तेव्हा सकाळी ९ ते १ भरायची. १ वाजला, विरोधक म्हणाले उरलेलं उद्या घ्या, खुर्चीवर उपसभापती हरिवंश होते, त्यांनी कामकाज पुढे चालू ठेवलं आणि तिथून सगळं बिघडलं. वेलमध्ये सदस्य, नियमपुस्तक फाडायचा प्रयत्न, विरोधकांनी मागितलेली मतविभागणी झाली नाही आणि विधेयकं आवाजी मतदानाने मंजूर. दुसऱ्या दिवशी ८ खासदार निलंबित, त्यात महाराष्ट्रातले राजीव सातव पण होते. पुढे २०२१ मध्ये ते कायदे सरकारने मागे घेतले. बैठकीची वेळ वाढवायची तर सभागृहाची इच्छा बघायची असा रिवाज आहे, पण इच्छा म्हणजे बहुमत की एकमत यावर त्या दिवशी जे जुंपलं ते आजही मिटलेलं नाही असं माझं मत.

आणि मग सुरुवातीला सांगितलेला ३ एप्रिल २०२५. वक्फ दुरुस्ती विधेयक, घड्याळ १२ च्या पुढे गेलं तरी यावेळी थांबले नाहीत, अडीचच्या सुमारास मतविभागणी, १२८ विरुद्ध ९५. वाटलं आता घरी जातील, तर मणिपूरमधल्या राष्ट्रपती राजवटीचा ठराव बाकी होता, एका राज्याचा विषय आणि तो घेतला पहाटे, सगळे जांभया देत असताना. पहाटे ४:०२ ला उठले ते त्याच ४ एप्रिलला परत जमायचं म्हणून, आणि त्या दिवशी अधिवेशनच संपलं.